ब्रेक्झिट: मतदान एकदाच झालं, मग वाद अजून का मिटत नाही?

रानवाटा (धागाकर्ता)

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने युरोपीय महासंघातून बाहेर पडायचं ठरवलं. मतदान ७२.२%. बाहेर पडा म्हणणारे ५१.९%, राहा म्हणणारे ४८.१%, प्रत्यक्ष फरक १२ लाख ६९ हजार मतांचा. स्कॉटलंडने ६२% आणि उत्तर आयर्लंडने जवळपास ५६% मतं राहण्याला दिली. उलट लिंकनशरमधल्या बॉस्टनमध्ये चारातली तीन मतं बाहेर पडण्याला पडली.

मराठीत यावर जे वाचायला मिळतं ते बहुतेक "ब्रिटिश जनता फसली" किंवा "ब्रिटन स्वतंत्र झालं" या दोन टोकांचं. मला वाटतं, वादाचं मूळ मतपत्रिकेतच होतं. प्रश्न होता: महासंघात राहायचं की बाहेर पडायचं? बाहेर पडून नेमकं कुठे जाऊन थांबायचं, हे कोणी विचारलंच नाही. आणि थांबण्याच्या जागा चार होत्या.

नॉर्वे एकल बाजारपेठेत (सगळ्या देशांत मालाचे, सेवांचे नियम एकच) आहे, पण कस्टम्स युनियनमध्ये (आपसात शुल्क नाही, बाहेरच्यांना सगळीकडे सारखंच शुल्क) नाही. शेती आणि मासेमारी त्यांच्या हातात, मात्र बाजारपेठेचे नियम पाळावे लागतात, पैसे भरावे लागतात आणि युरोपातल्या लोकांना येऊ द्यावं लागतं. नियम ठरवताना मत नाही. स्वित्झर्लंडने शंभरावर वेगवेगळे करार करून साधारण तिथपर्यंतच मजल मारली. तुर्कस्तान कारखानी मालापुरता कस्टम्स युनियनमध्ये आहे. म्हणजे युरोपने तिसऱ्या देशाशी करार करून शुल्क उतरवलं, की त्या देशाचा माल तुर्कस्तानातही स्वस्तात येऊ शकतो. तुर्कस्तानचा माल त्या देशात तसा जाईल याची हमी मात्र नाही, त्यासाठी वेगळा करार करावा लागतो. कॅनडाकडे फक्त मुक्त व्यापार करार आहे: शुल्क बहुतांशी शून्य, पण सीमा आहे, कागद आहेत, तपासणी आहे.

५१.९% मध्ये या चारही जागा मनात धरलेले लोक होते. काहींना यातली एकही नको होती. राहण्याच्या बाजूचे लोकही सगळे महासंघावर खूश होते असं नाही. म्हणून निकाल लागला त्या दिवशी वाद संपला नाही, खरा वाद त्या दिवशी सुरू झाला.

इथे कस्टम, कायदा, मासेमारी, आयर्लंड यातले जाणकार आहेत. घोषणा बाजूला ठेवून कृपया तपशिलात लिहा: काय बदललं, कुठे अडतं, का अडतं.

टेम्सकाठ

मांडणी चांगली आहे, पण "बाहेर पडणाऱ्यांना आपण काय मागतोय तेच ठाऊक नव्हतं" असा सूर त्यातून निघतो. तो मला मान्य नाही.

१९७५ च्या सार्वमतात ६७% लोकांनी राहायला होकार दिला तो तेव्हाच्या सामायिक बाजारपेठेला. पुढे महासंघाचे अधिकार वाढवणारे करार झाले, मास्ट्रिख्ट आलं, लिस्बन आलं, एकमताऐवजी बहुमताने ठरणाऱ्या विषयांची यादी वाढत गेली. यातल्या एकाही टप्प्यावर ब्रिटिश मतदाराला विचारलं गेलं नाही. फॅक्टरटेम खटला आठवा. मासेमारीचा ब्रिटिश कोटा वापरणाऱ्या स्पॅनिश मालकीच्या बोटींवर बंधनं घालणारा कायदा संसदेने १९८८ मध्ये केला, आणि लक्झेंबर्गच्या न्यायालयाच्या, म्हणजे महासंघाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, १९९० च्या निकालानंतर ब्रिटिश न्यायाधीशांना आपल्याच संसदेचा कायदा बाजूला ठेवावा लागला. आपले कायदे आपण निवडून दिलेल्यांनी करावेत आणि ते चुकले तर त्यांना घरी पाठवता यावं, ही मागणी अगदी स्पष्ट होती. त्यासाठी थोडा आर्थिक तोटा सोसायची तयारी असणं म्हणजे अडाणीपणा नव्हे.

मिळालं काय? सॅनिटरी पॅडवरचा व्हॅट ५% च्या खाली आणता येत नव्हता, तो १ जानेवारी २०२१ ला शून्य झाला. शेतीचं अनुदान पूर्वी एकरावर मिळायचं, म्हणजे ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला पैसे जास्त. इंग्लंडमध्ये ती पद्धत टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली आणि माती, पाणी, कुंपणझुडपं राखण्यासाठी पैसे देणं सुरू झालं. जुलै २०२५ मध्ये भारताशी करार झाला: स्कॉचवरचं १५०% शुल्क आधी ७५% वर आणि दहा वर्षांत ४०% वर. महासंघात राहून ब्रिटनला एकट्याने हा करार करताच आला नसता. त्याच वर्षी अमेरिकेने सरसकट शुल्क लावलं तेव्हा ब्रिटनला १०% आणि महासंघाला १५% लागलं.

गोदीवाला

कायद्याचा मुद्दा इतर जण घेतील, मी मालाचं लिहितो. "शून्य शुल्क" हे शब्द ऐकून बऱ्याच जणांचा समज होतो की मालाचं पूर्वीसारखंच चाललंय. २४ डिसेंबर २०२० ला ठरलेल्या व्यापार व सहकार्य करारात शुल्क शून्य आहे, पण फक्त ब्रिटनमध्ये किंवा महासंघात तयार झालेल्या मालावर. ते तयार झालं की नाही, याचे नियम वस्तुगणिक वेगळे.

उदाहरण घ्या. तिरुपूरचे सुती शर्ट फेलिक्स्टो बंदरात उतरले, ब्रिटिश कस्टममधून सुटले, मिडलँड्समधल्या गोदामात त्यांना लेबलं लागली, पिशव्या चढल्या, आणि त्यातले दोनशे डब्लिनच्या दुकानाला पाठवायचे आहेत. २०२० पर्यंत एक बिल आणि एक व्हॅन पुरायची. आता ते शर्ट भारतीयच धरले जातात. लेबल लावणं, पॅकिंग करणं, वर्गवारी करणं एवढ्याने मूळ देश बदलत नाही असं करारातच लिहिलं आहे. म्हणजे डब्लिनला १२% शुल्क आणि वर आयर्लंडचा व्हॅट. ब्रिटनमध्ये आधी शुल्क भरलं असेल तर त्याच शर्टावर दुसऱ्यांदा.

यातून वाटा तीनच. माल ब्रिटनमध्ये बाँडेड गोदामात, म्हणजे शुल्क न भरता कस्टमच्या देखरेखीखाली, ठेवायचा आणि तिथूनच पुढे पाठवायचा. किंवा टी-वन ट्रान्झिटवर, म्हणजे शुल्काची हमी देऊन सीलबंद, ब्रिटनमधून नुसता पार करायचा. किंवा कंटेनर सरळ डब्लिन नाहीतर रॉटरडॅमला उतरवायचा. तिसरी वाट अनेकांनी धरली. आयर्लंडहून ब्रिटन ओलांडून फ्रान्सला जाणारे ट्रकही मोठ्या संख्येने रॉसलेअर ते डंकर्क अशा थेट फेरीवर गेले.

ब्रिटनमध्येच बनलेला माल असेल तरी कागद सुटत नाहीत. ढोबळ क्रम असा:

निर्यातदाराचा ईओआरआय, म्हणजे कस्टमकडचा नोंदणी क्रमांक. मालाचा कमोडिटी कोड, म्हणजे कस्टमच्या वर्गवारीतला क्रमांक. हा चुकला तर पुढचं सगळं चुकतं, कारण मूळ देशाचा नियम त्यावरच ठरतो. बिलावर मूळ देशाचं ठराविक मजकुराचं विधान, आणि ते सिद्ध करणारे पुरवठादारांचे कागद चार वर्षं जपून ठेवायचे. ब्रिटनचं निर्यात घोषणापत्र, पलीकडचं आयात घोषणापत्र, सुरक्षा घोषणापत्र. फ्रान्सकडे जाताना ट्रकचा नंबर आणि घोषणापत्रांचे बारकोड चेक-इनला जोडले जातात. ट्रक समुद्रात असतानाच त्याला हिरवा रस्ता मिळणार की तपासणीचा, हे ठरतं.

खाद्यपदार्थ असतील तर याच्या वर निर्यात आरोग्य प्रमाणपत्र. ते अधिकृत पशुवैद्याने माल बघून सही करायचं, ट्रेसेस या युरोपच्या ऑनलाइन नोंद प्रणालीत आधी कळवायचं आणि ट्रक सीमेवरच्या तपासणी चौकीतून न्यायचा. चिकन, चीज आणि अंडं घातलेला केक एकाच ट्रकमध्ये असतील तर प्रत्येकाला वेगळं प्रमाणपत्र. एवढंच काय, लाकडी पॅलेटसुद्धा गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं आणि शिक्का मारलेलं हवं. २०२१ आधी ब्रिटन आणि युरोपमध्ये ही अट नव्हती.

खरा फटका एकत्र मालाला बसतो. एका ट्रकमध्ये बारा छोट्या उत्पादकांचा माल असतो. एकाच्या प्रमाणपत्रावर वजन चुकलं की बाराही अडकतात. मोठी कंपनी एकाच मालाचे वीस ट्रक भरते, तिला एक प्रमाणपत्र हजारो किलोंवर वाटून परवडतं. दोनशे किलो चीज पाठवणाऱ्याला त्याच कागदाचा खर्च मालाच्या नफ्याहून जास्त पडतो. म्हणून छोट्यांनी युरोपला माल पाठवणंच सोडलं. ते कुठल्या मथळ्यात येत नाहीत, पण मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

आणि ब्रिटनने आपल्या बाजूची तपासणी पाच वेळा पुढे ढकलली. आरोग्य प्रमाणपत्रं ३१ जानेवारी २०२४ पासून, प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ पासून. डोव्हर बंदरातून आणि युरोटनेलने (समुद्राखालच्या बोगद्याने) येणाऱ्या अशा मालाला धोक्याच्या वर्गाप्रमाणे प्रत्येक प्रकारामागे १० किंवा २९ पौंड आकार, एका खेपेला जास्तीत जास्त १४५. तीन वर्षं ब्रिटिश निर्यातदार सगळे कागद भरत होता आणि त्याचा युरोपातला स्पर्धक ब्रिटनमध्ये जवळपास मोकळा येत होता.

टेम्सकाठ

@गोदीवाला, तपशील बिनचूक आहे, पण हे कागद काही आकाशातून पडलेले नाहीत. न्यूझीलंडचा युरोपशी पशुवैद्यकीय करार आहे, त्यांच्या मटणाची प्रत्यक्ष तपासणी १% खेपांवर आली आहे. ब्रिटनचे नियम पहिल्या दिवशी शब्दशः युरोपचेच होते, तरी त्याला ती सवलत दिली नाही. हा राजकीय निर्णय होता.

गोदीवाला

राजकीय होता, मान्य. पण न्यूझीलंडच्या करारात तपासणी कमी झाली, प्रमाणपत्र गेलं नाही. ऑकलंडहून जहाज निघालं की कागद दुरुस्त करायला आठवडे हातात असतात. डोव्हर ते कॅले दीड तास. ताजं मांस, फुलं, जिवंत कालवं यांच्या धंद्यात तोच दीड तास सगळं ठरवतो. शिवाय ब्रिटनला "आज नियम सारखे आहेत" एवढंच म्हणायचं होतं. "उद्याही सारखे ठेवू" हे लिहून द्यायचं नव्हतं, कारण बाहेर पडण्याचं कारणच ते होतं. पलीकडच्यांना तेच लिहून हवं होतं.

दर्यावर्दी

मासेमारीचं कोणी काढलं नाही अजून. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत तिचा वाटा एक टक्क्याच्याही बऱ्याच खाली, पण करार शेवटपर्यंत अडला तो इथेच. कोळी बंदरांची माणसं स्वतःच्या नजरेसमोर परक्या बोटी भरून जाताना बघत होती. त्यांचा राग खरा होता.

कारण महासंघाचं १९८३ पासूनचं मासळीच्या कोट्याचं सूत्र. कोणत्या देशाने त्याआधी कुठे किती पकडलं यावर टक्केवारी गोठवली गेली. ब्रिटिश बोटी तेव्हा आइसलँडच्या दिशेने दूरवर जायच्या, त्यामुळे स्वतःच्या पाण्यातला इतिहास कमी भरला. २०२० च्या करारात युरोपच्या बोटी ब्रिटिश पाण्यात जे पकडत होत्या त्याच्या किमतीतला २५% वाटा साडेपाच वर्षांत, जून २०२६ पर्यंत, ब्रिटनकडे यायचा ठरला. कोळ्यांना १२ सागरी मैलांच्या आत पूर्ण हक्क हवा होता, तो मिळाला नाही.

पण कोटा वाढला म्हणजे पैसा वाढला असं होत नाही. ब्रिटिश माणूस कॉड आणि हॅडॉक खातो, ते बरंचसं बाहेरून येतं. ब्रिटिश बोटी पकडतात ते बांगड्याच्या जातीचे मॅकरल, हेरिंग, लँगुस्टीन, स्कॅलप, आणि त्याचा मोठा गिऱ्हाईक युरोप. सर्वात वाईट अवस्था शिंपल्यांची. ब वर्गाच्या, म्हणजे पूर्ण स्वच्छ नसलेल्या, पाण्यातले शिंपले जिवंत आणि न धुता युरोपात जायचे, तिथल्या टाक्यांत स्वच्छ व्हायचे. महासंघाबाहेरच्या देशाला ही मुभा नाही, आधी आपल्याकडे स्वच्छ करूनच पाठवावं लागतं. टाक्या उभारायच्या तर खर्च, आणि धुतलेल्या शिंपल्याचं आयुष्य कमी. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या निर्यातदारांनी ट्रक आणून लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये (सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावर) उभे केले ते नव्या कागदांपायी माल अडत होता म्हणून.

मे २०२५ च्या ब्रिटन-महासंघ परिषदेत युरोपच्या बोटींचा प्रवेश २०३८ पर्यंत वाढवून दिला. ज्या बंदरांनी सर्वात मोठ्या आशेने मत दिलं त्यांच्या पदरात सर्वात कमी पडलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

धुकं

आयर्लंडवर लिहितो, कारण सगळ्यात कठीण गाठ तिथे होती आणि प्रचाराच्या काळात लंडनमध्ये तिच्याबद्दल फारच थोडं बोललं गेलं.

१० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने उत्तर आयर्लंडमधला तीस वर्षांचा रक्तपात थांबवला. दोन आयर्लंडमधली साधारण ५०० किलोमीटरची सीमा त्यानंतर जमिनीवर दिसेनाशी झाली. शेतं, घरं, दुधाचे टँकर तिच्या आरपार. हे शक्य झालं त्याचं एक कारण दोन्ही बाजू एकाच कस्टम्स युनियनमध्ये आणि एकाच बाजारपेठेत होत्या.

आता तीन वचनं एका ओळीत ठेवा. एक: ब्रिटन कस्टम्स युनियन आणि एकल बाजारपेठ सोडणार. दोन: आयर्लंड बेटावर सीमेवरची तपासणी नसणार. तीन: उत्तर आयर्लंड आणि उरलेला ब्रिटन यांच्यात फरक नसणार. यातली कुठलीही दोनच एका वेळी पाळता येतात. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी पहिलं सैल केलं: दुसरी सोय निघेपर्यंत सगळा ब्रिटन युरोपच्या कस्टम क्षेत्रात. त्यांच्याच हुजूर पक्षाने ते पाडलं. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तिसरं सोडलं: उत्तर आयर्लंड मालापुरतं युरोपच्या नियमांत, तपासणी आयरिश समुद्रावर. तिथल्या युनियनवाद्यांच्या (ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्यांच्या) दृष्टीने हा स्वतःच्या देशात परकं होणं आहे. ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही. डीयूपी या युनियनवादी पक्षाने फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं तिथलं सरकार चालू दिलं नाही.

या व्यवस्थेत सुधारणा करणारा ब्रिटन आणि महासंघातला फेब्रुवारी २०२३ चा विंडसर आराखडा प्रत्यक्षात असा चालतो: लिव्हरपूलहून बेलफास्टला जाणारा माल उत्तर आयर्लंडमध्येच विकला जाणार असेल आणि व्यापारी विश्वासू म्हणून नोंदलेला असेल तर हिरवी मार्गिका, कागद थोडे. पुढे आयर्लंड प्रजासत्ताकात जाण्याचा संभव असेल तर लाल मार्गिका, पूर्ण कस्टम. हिरव्या मार्गिकेतल्या मांसावर आणि दुधावर "युरोपसाठी नाही" अशी चिठ्ठी ऑक्टोबर २०२३ पासून लागली, मग बाकी दुग्धपदार्थांवर, आणि जुलै २०२५ पासून आणखी मालावर. अडतं कुठे? बेलफास्टच्या दुकानासाठी वेगळं लेबल छापायला छोटा उत्पादक तयार होत नाही, तो तिकडे माल पाठवणंच थांबवतो.

युरोपचा नवा नियम रोखायला बेलफास्ट विधानसभेतल्या ९० पैकी ३० सदस्यांनी, तेही किमान दोन पक्षांच्या, अर्ज करायची सोय आहे. डिसेंबर २०२४ मध्ये विधानसभेने ही व्यवस्था आणखी चार वर्षं चालू ठेवायचं ४८ विरुद्ध ३६ मतांनी ठरवलं. युनियनवाद्यांनी एकदिलाने विरोधात मत दिलं. १९९८ च्या कराराचा आत्मा म्हणजे दोन्ही समाजांची संमती, आणि इथे एकाच बाजूची आहे. ही जखम उघडी आहे.

कलमदान

वेळेचा मुद्दा राहिला. महासंघाच्या करारातल्या कलम ५० प्रमाणे बाहेर पडण्याची सूचना दिली की दोन वर्षांचं घड्याळ सुरू होतं आणि मुदतवाढीला उरलेल्या सगळ्या देशांचं एकमत लागतं. म्हणजे वेळ निघून जाते तसतशी बाहेर पडणाऱ्याची बाजू लंगडी होते. सरकारने २९ मार्च २०१७ ला सूचना दिली तेव्हा कस्टम्स युनियनचं काय करायचं यावर मंत्रिमंडळातच एकमत नव्हतं. त्यानंतर जूनमध्ये निवडणूक घेऊन बहुमतही घालवलं. माझ्या मते सर्वात महागडी चूक ही.

परिणाम संसदेत दिसला. मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला, मार्चमध्ये आणखी दोनदा पडला. खासदारांनी पर्याय स्वतः मतदानाला घेतले: १ एप्रिलला कस्टम्स युनियन २७३ विरुद्ध २७६, तीन मतांनी हुकली. पुन्हा सार्वमत २८० विरुद्ध २९२. रानवाटा म्हणतात त्या प्रत्येक थांब्याला विरोध करणारं बहुमत होतं, एकाही थांब्याला पाठिंबा देणारं नव्हतं. राहू इच्छिणाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे. दुसऱ्या सार्वमताच्या आशेवर अनेकांनी मधला मार्ग पाडला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये जॉन्सन ३६५ जागा घेऊन आल्यावर तो कायमचा बंद झाला.

तुलनेसाठी: ग्रीनलंडने १९८२ मध्ये सार्वमत घेतलं, बाहेर पडायला १९८५ उजाडलं. तिथे मुख्य विषय एकच, मासे.

द्राक्षवेल

आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचतील, हे बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या प्रचाराच्या बसवर लिहिलेलं खरं होतं का? आणि ब्रेक्झिटमुळे अर्थव्यवस्थेचं ४% नुकसान म्हणतात ते कुठून आलं?

ताळेबंद

ट्रेझरीच्या, म्हणजे ब्रिटिश अर्थखात्याच्या, हिशोबात महासंघाला द्यायची २०१५ ची ढोबळ वर्गणी १७.८ अब्ज पौंड. आठवड्याला सुमारे ३४ कोटी, बसवरचा आकडा इथून आला. पण थॅचर यांनी मिळवलेली सूट ४.९ अब्ज आधीच वजा व्हायची, ती रक्कम कधी देशाबाहेर जायचीच नाही. उरले १२.९ अब्ज. त्यातले ४.४ अब्ज शेती आणि मागास भागांसाठी सरकारमार्फत परत यायचे. निव्वळ ८.५ अब्ज, म्हणजे आठवड्याला साधारण १६ कोटी. बसवरचा आकडा निम्म्याहून जास्त फुगवलेला होता.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. मे २०१६ मध्ये ट्रेझरीने इशारा दिला होता की नुसतं बाहेर पडण्याचं मत दिलं तरी वर्षभराची मंदी येईल आणि ५ लाख नोकऱ्या जातील. पौंड एका रात्रीत कोसळला हे खरं, पण ती मंदी आली नाही. लोकांचा तज्ज्ञांवरचा विश्वास उडायला हेही कारण झालं.

४% हा ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचा (सरकारी हिशोबांवर स्वतंत्र नजर ठेवणाऱ्या संस्थेचा) अंदाज. महासंघात राहिलो असतो तर उत्पादकता जिथे असती त्यापेक्षा दीर्घकाळात ४% कमी, आणि आयात-निर्यात सुमारे १५% कमी. हे एका वर्षात गेलेले पैसे नव्हेत. न घडलेल्या परिस्थितीशी केलेली ती तुलना आहे. मध्ये कोविड आणि युक्रेन युद्धामुळे महागलेला गॅस आल्याने कोणाचा वाटा किती यावर वाद होतो, आणि सेवांची निर्यात चांगली वाढली आहे हेही खरं. पण गोदीवाला यांनी वर लिहिलेले कागद कोविडने आणलेले नाहीत.

मांडवीतीर

गोव्याचा धागा यात थेट गुंतलेला आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची आणि त्यांच्या वंशजांची जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. हजारो गोंयकारांनी ते घेतलं आणि पोर्तुगालला न थांबता स्विंडन, साउथॉल गाठलं. युरोपच्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये व्हिसा लागत नव्हता.

सार्वमताची एक बाब फार थोड्यांना माहीत आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकांना मत होतं. म्हणजे स्विंडनमधला भारतीय पासपोर्टवाला मत देऊ शकत होता. शेजारचा गोंयकार पोर्तुगीज झाल्यामुळे देऊ शकत नव्हता, आणि निकाल त्याच्याच राहण्याच्या हक्कावर होता. भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्याने परतीची वाट ओसीआयचीच (परदेशस्थ भारतीयांच्या कार्डाची).

सध्याचा नियम असा: ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जो ब्रिटनमध्ये राहायला आलेला होता त्याने सेटलमेंट योजनेत अर्ज करायचा होता, मुदत ३० जून २०२१. पाच वर्षं सलग झालेल्यांना कायम दर्जा, बाकीच्यांना तात्पुरता. तात्पुरत्याचं कायममध्ये आपोआप होईल या भरवशावर राहू नका. कर आणि पगाराच्या नोंदींत खंड असेल तर पुरावे स्वतः द्यावे लागतात: घरभाडं, बँक, शाळा, डॉक्टरकडची नोंदणी. जुलै २०२५ पासून शेवटच्या ६० महिन्यांत एकूण ३० महिने वास्तव्य दाखवता आलं तरी चालतं, सलगपणा तुटलेल्यांना याचा मोठा आधार आहे. पत्नी किंवा पतीला नंतर आणायचं असेल तर लग्न अथवा नातं २०२० संपण्यापूर्वीचं असावं लागतं. नंतरचं असेल तर साधा कौटुंबिक व्हिसा, त्याला २९,००० पौंड उत्पन्नाची अट. नंतर जन्मलेल्या मुलांना ही तारखेची अट लागत नाही.

आज नवा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन ब्रिटनला जाऊन राहता येत नाही. तरीही काही एजंट तसं सांगून पैसे घेतात, म्हणून हे ठळक लिहितोय.

एक गैरसमजही काढून टाकू. "ब्रेक्झिटमुळे आम्हा भारतीयांना शेंगेन व्हिसा काढावा लागतो" असं ऐकू येतं. ब्रिटन शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) कधीच नव्हता, भारतीय पासपोर्टवर तो आधीही लागायचा. बदल झाला तो ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना: आता १८० दिवसांत ९० दिवस.

द्राक्षवेल

वरचं सगळं वाचून एक व्यावहारिक प्रश्न. नाशिकची द्राक्षं रॉटरडॅमला उतरतात आणि त्यातली काही पुढे ब्रिटनला वळवली जातात. आता काय बघावं लागतं? आणि ब्रिटन-युरोपमध्ये अन्नाचा जो नवा करार होतोय त्याने आपल्याला फरक पडेल का?

गोदीवाला

वळवण्याचा निर्णय माल रॉटरडॅमच्या कस्टममधून सुटण्याआधी घ्या. एकदा तिथे शुल्क भरून माल खुला केला की ब्रिटनमध्ये तो पुन्हा भारतीय माल म्हणून शुल्काला पात्र, कारण पॅकिंग बदलून द्राक्षं डच होत नाहीत. ट्रान्झिटवर पुढे नेली तर दुहेरी शुल्क वाचतं. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र कोणत्या देशाच्या नावे आहे तेही पाहा. युरोपच्या नावे असलेलं ब्रिटनला आपोआप चालेल असं धरू नका, पुनर्निर्यातीचा कागद लागू शकतो. ज्या ग्राहकाकडे निम्मा माल नक्की ब्रिटनला जाणार हे ठाऊक असतं, त्याचा कंटेनर सरळ ब्रिटिश बंदरावर पाठवलेला बरा.

कलमदान

नव्या कराराबद्दल: मे २०२५ मध्ये तत्त्वतः ठरलं ते असं की ब्रिटन अन्न आणि वनस्पतींचे युरोपचे नियम, ते बदलतील तसे, लागू करत राहील, आणि नियमाचा अर्थ काय यावर अखेरचा शब्द लक्झेंबर्गच्या न्यायालयाचा. बदल्यात बहुतेक प्रमाणपत्रं आणि तपासणी जाईल. टेम्सकाठ यांचा आक्षेप नेमका यालाच असणार, आणि तत्त्व म्हणून तो रास्त आहे: नियम पाळायचे, पण ठरवताना मत नाही.

टेम्सकाठ

होय, तोच आक्षेप आहे. संसदेत ज्याच्यावर मतदान होणार नाही असा नियम इथल्या शेतकऱ्यावर लागू होऊ नये. सीमेवरचे कागद कमी करायचे तर एकमेकांच्या तपासणीला मान्यता द्या. नियमच उचलून घेण्याची गरज नाही.

गोदीवाला

परस्पर मान्यता युरोपने स्वित्झर्लंडलाही नियम जुळवल्याशिवाय दिली नाही, म्हणून ती मिळेल असं मी गृहीत धरत नाही.

@द्राक्षवेल, तुमच्यासाठी महत्त्वाचा भाग कीटकनाशकांच्या उर्वरित अंशांचा. युरोपने बासमतीतल्या ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाची मर्यादा १ वरून किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवर आणली तेव्हा २०१८ च्या सुमारास आपल्या निर्यातदारांची किती धावपळ झाली ते आठवत असेल. २०२१ पासून ब्रिटनची मर्यादांची यादी वेगळी आहे, काही ठिकाणी दोन्हीकडचे आकडे आता जुळत नाहीत. म्हणून फवारणीचं वेळापत्रक बांधताना दोन्ही याद्या समोर ठेवा आणि प्रत्येक औषधाला जी मर्यादा कडक ती धरा. करार लागू झाला की युरोपने बदललेली मर्यादा ब्रिटनलाही येईल, पण छाटणी ऑक्टोबरात आणि तोडणी जानेवारीनंतर, मधल्या काळात मर्यादा बदलली तर फवारलेलं औषध परत काढता येत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल मागवताना तो कोणत्या देशाच्या यादीशी ताडला आहे हे त्यावर छापून घ्या.